चौतीस ओळी

स्वातंत्र्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नसते, हे वाक्य मास्तरांनी ईमेलच्या अगदी सुरुवातीला टाकलं, दोनदा वाचलं, आणि खाली लिहिलं, ‘तरी सोबतच्या नमुन्यावर सही करून आपली परवानगी कळवावी, ही नम्र विनंती.’

हा मजकूर अठरा जणांना जायचा होता. सतरा जणांना गेला. अठराव्याचं नाव त्यांनी दोनदा टाकलं आणि दोनदा खोडलं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बायको नववीचे भूमितीचे पेपर तपासत बसली होती.

“झाले का सगळे?” तिनं मान वर न करता विचारलं.

“सतरा झाले.”

“आणि तो?”

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. चष्मा स्वच्छच होता, पण पुसत असताना समोरचं दिसत नाही, एवढा त्याचा उपयोग होता.

“त्याला जरा सवडीनं लिहितो.”

“सात वर्षं सवडच होती की,” बायको म्हणाली आणि तिनं एका त्रिकोणावर लाल फुली मारली.

मास्तर एका तंत्रनिकेतनात शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात ‘बोलपाटी’ सांभाळायचे. बोलपाटी हे त्यांनी अकरा वर्षांपूर्वी लिहायला घेतलेलं सॉफ्टवेअर. ज्यांची वाचा गेली आहे अशांसाठी पडद्यावर चौकोन, चौकोनात चित्र आणि शब्द. बोट लावलं की यंत्र तो शब्द मोठ्यानं बोलतं. पाणी. दुखतंय. खिडकी उघडा. नको. त्या काळी मास्तरांच्या ओळखीत वाचा गेलेलं एकही माणूस नव्हतं. होते ते सगळे गरजेपेक्षा जास्तच बोलत. बोलपाटी त्यांनी तत्त्वासाठी लिहिली होती.

ती फुकट होती, पण फुकट म्हटलेलं मास्तरांना खपत नसे. ती मुक्त होती. कुणीही वापरावी, आत उघडून बघावी, बदलावी, दहा जणांना वाटावी. लायसन्सची अट एकच, की पुढे देताना घेणाऱ्यावर नवं बंधन घालायचं नाही. या अटीवर देशोदेशीचे अठरा लोक जमा झाले, प्रत्येकानं थोडं थोडं लिहिलं, आणि एका मेलिंग लिस्टवर अकरा वर्षं आपसात भांडले. बोलपाटी दोनशे अकरा वेळा उतरवून घेतली गेली होती. त्यातल्या नऊ वेळा स्वतः मास्तरांनीच, नीट उतरते का ते बघायला.

आणि तीन महिन्यांपूर्वी ताईची वाचा गेली.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. सव्वीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. दिवसभर तिनं सगळ्या शहराला एकमेकांशी जोडून दिलं, आणि घरी आल्यावर राहिलेलं स्वतः बोलली. मेंदूत गुठळी अडकली त्या दिवशीही ती दूधवाल्याशी वाद घालत होती, आणि वाद ती जिंकत होती असं दूधवाला सांगतो. आता तिला कळायचं सगळं. हसायची, डोळे वटारायची. शब्द तेवढा यायचा नाही. उजवा हात लुळा पडला होता आणि डाव्या हाताचं बोट थरथरायचं.

तिच्याकडे फोन होता तो एका बड्या कंपनीचा; चकचकीत, महाग आणि कडीकुलपात ठेवलेला. गेली दहा वर्षं तिची मुलगी स्वतः नवा फोन घ्यायची आणि जुना आईला द्यायची. डाव्या हाताला तेवढीच एक सवय शाबूत राहिली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता हातात नवं काही देऊ नका, जे येतंय त्यावरच भागवा.

त्या फोनवर काहीही घालायचं तर ते फोनमधल्याच, कंपनीच्या दुकानातून घ्यावं लागे, आणि दुकान प्रत्येक घेणाऱ्याकडून कबूल करून घेई की ही वस्तू मी दुसऱ्याला देणार नाही, उघडून बघणार नाही. म्हणजे बोलपाटीचं लायसन्स जे करू नका म्हणत होतं, नेमकं तेच. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुठला तरी एक मोडावा लागायचा. वाट एकच होती. ज्यांनी ज्यांनी बोलपाटी लिहिली त्या सगळ्यांनी मिळून म्हणायचं, ‘या एका दुकानापुरती आमची हरकत नाही.’ सगळ्यांनी. सतरा जण हो म्हणाले आणि अठरावा गप्प बसला तरी ते चालणार नव्हतं. ही तरतूद मास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी स्वतः, मोठ्या अभिमानानं, ठेवली होती.

उत्तरं यायला लागली. नऊ जणांनी त्याच दिवशी सही करून पाठवली. एकानं नमुना बंदिस्त प्रकारच्या फाइलमध्ये पाठवल्याबद्दल मास्तरांची कानउघाडणी केली, आणि मास्तरांनी निमूटपणे तो बदलून पाठवला. एकाला आपण बोलपाटीत काही लिहिलं होतं हेच आठवत नव्हतं. त्याच्या दोन ओळी त्याला दाखवल्या तेव्हा ‘शी, हे मी लिहिलं?’ म्हणून त्यानं सही केली. एक जण आता त्या कंपनीतच नोकरीला लागला होता. त्यानं कळवलं की वैयक्तिकरीत्या त्याची काही हरकत नाही, पण हरकत नाही असं लेखी द्यायला त्याला साहेबाची परवानगी लागेल. ती अकरा दिवसांनी मिळाली.

लिस्टवर एक दंतवैद्यही होता. त्यानं सहीबरोबर एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं. ‘मास्तर, एवढा खटाटोप करण्याआधी त्या दुकानात एकदा डोकावून बघा ना.’

मास्तरांनी उत्तर दिलं, ‘नुसतं डोकावायलाही त्यांच्या अटी मान्य कराव्या लागतात. अठ्ठेचाळीस पानं आहेत. मी वाचली आहेत.’

दंतवैद्यानं पुढे काही लिहिलं नाही. समोरच्याशी बोलण्यात केव्हा अर्थ नसतो, हे त्याला धंद्यामुळे कळत असावं.

तीन आठवड्यांत सतरा सह्या झाल्या. अठरावा अजून तसाच होता.

त्याला लिस्टवर सगळे अर्धविराम म्हणत. पहिल्यांदा कोड पाठवला तेव्हा तो ओळींच्या शेवटचे अर्धविराम द्यायला विसरला होता. लोक हसले, आणि त्यानंही पुढे तेच नाव लावलं. बोलपाटीच्या अकरा हजार ओळींत त्याच्या ओळी चौतीस. पण बोट थरथरून दोन चौकोनांच्या मध्येच कुठेतरी पडलं, तर माणसाला त्यातला कोणता चौकोन हवा होता, हे ओळखायचं काम त्या चौतीस ओळींचं होतं. त्या काढल्या तर बोलपाटी फक्त धडधाकट हातांनी चालली असती. आणि धडधाकट हातांचे बहुतेक लोक बोलू शकत होते.

सात वर्षांपूर्वी या अर्धविरामानं लिस्टवर विचारलं होतं, माझ्या वडिलांची वाचा गेली आहे, त्यांच्याकडे कंपनीचा फोन आहे, दुसरा त्यांना जमत नाही. त्या फोनसाठी बोलपाटी करायला तुम्ही सगळे परवानगी द्याल का?

मास्तरांनी एकोणीसशे शब्दांचं उत्तर लिहिलं. चौदा तळटीपा होत्या. त्यातलं एक वाक्य पुढे बऱ्याच जणांनी आपल्या सहीखाली लावलं होतं. ‘आपण आपल्या वडिलांच्या सोयीसाठी सगळ्यांचं स्वातंत्र्य गहाण टाकायला निघाला आहात.’ शेवटी एक व्यवहारी सूचनाही होती, की वडिलांचा फोन बदलावा. मग मास्तरांनी त्याचं बोलपाटीत बदल करण्याचं खातं बंद केलं, पुन्हा मोह होऊ नये म्हणून. लिस्टवर लोकांनी मास्तरांचं अभिनंदन केलं होतं. तेरा जणांनी. मास्तरांनी तेव्हा मोजले होते.

अर्धविरामाचं उत्तर एका शब्दाचं होतं. ‘बरं.’

“त्या चौतीस ओळी आपण नव्यानं लिहू,” एका रविवारी सकाळी मास्तर बायकोला म्हणाले. “म्हणजे त्याला विचारायलाच नको.”

“लिहा की मग.”

“मला नाही लिहिता येत. मी त्या पाहिल्यात. पाहिलेल्या माणसानं लिहिलं तर ती नक्कल होते. ज्यानं कधी पाहिल्याच नाहीत त्यानं लिहायच्या. मी फक्त सांगायचं, त्या काय करतात. कशा करतात ते नाही सांगायचं.”

“आणि न पाहिलेलं असं कोण आहे?”

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. शाळेतल्या संगणकाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर असताना तिनं दोन सत्रं त्यांचे तास घेतले होते.

“अहो, माणसं दोन ओळींचं पत्र टाकायचं टाळायला काय काय करतात,” ती म्हणाली, पण उठली.

कायद्यात उगाच फट राहायला नको म्हणून ती आतल्या खोलीत बसली, मास्तर स्वयंपाकघरात, मधलं दार बंद, आणि दाराखालून चिठ्ठ्या. मास्तरांनी प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि वेळ घातली.

‘वापरणाऱ्याचं बोट थरथरतं. ते मध्येच पडलं तर कोणता चौकोन हवा होता हे ठरवायचं आहे. १०.०५’

चिठ्ठी परत आली. ‘थरथरतं म्हणजे किती?’

‘बरंच. १०.०९’

‘बरंच हा आकडा आहे का?’

मास्तरांनी पेन हातात धरून ठेवलं. आकडा त्यांना पाठ होता. एक नव्हे, तीन आकडे होते त्या चौतीस ओळींत, आणि प्रत्येकाच्या पुढे अर्धविरामानं बारीक टीप लिहिली होती. ‘बाबा, सकाळी.’ ‘बाबा, जेवण झाल्यावर.’ ‘बाबा, दमले की.’ मास्तरांनी ती फाइल शंभरदा तरी उघडली असेल. आज सात वर्षांनी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, त्यांनी त्या टिपा वाचल्या.

दार उघडून बायको बाहेर आली. “काय झालं? दहा मिनिटं झाली.”

“आकडा नाही सांगता येत.”

“का?”

“तो त्याचा आहे.” मास्तरांनी चिठ्ठीची घडी घातली. “म्हणजे, त्याच्या वडिलांचा.”

बायको दाराला टेकली. मग म्हणाली, “मग आपल्या ताईंचा मोजून आणा. मी जागा मोकळी ठेवते.”

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. मास्तर आत आले तशी तिनं मांडीवरचा फोन पालथा घातला आणि वर रुमाल टाकला. मास्तरांना याचं बरंच वाटलं. तो फोन त्यांच्या नजरेला पडला की त्यांच्या तोंडून काहीतरी निघायचंच.

“मामा, पाणी आणू का?” भाची म्हणाली. ती विमा कंपनीत होती, आणि आईच्या आजारापासून दुपारी घरून काम करायची.

“पाणी नंतर. आज मोजणी आहे.”

मास्तरांनी आपला टॅब ताईपुढे धरला. त्यावर बोलपाटी होती आणि बोलपाटीत बायकोनं लिहिलेल्या एक्कावन्न ओळी. तासभर त्यांनी ताईचं बोट मोजलं, आकडे भरले, आणि म्हणाले, “आता पाणी माग बघू.”

ताईचं बोट न बघता खाली डाव्या कोपऱ्याकडे गेलं.

“तिथे नाही ताई. पाणी वर आहे. वरच्या ओळीत.”

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, बोट वर नेलं. टॅब म्हणाला, “खिडकी उघडा.”

पुन्हा. “खिडकी उघडा.” पुन्हा. “नको.” सात वेळा ताईनं पाणी मागितलं. चार वेळा बोलपाटीनं खिडकी उघडायला सांगितली, दोनदा नको म्हटलं, आणि एकदा ‘मला एकटं राहू द्या’.

“टेकवताना नाही हलत तिचं बोट,” भाची मागून म्हणाली. “उचलताना घसरतं. आणि जेवणानंतर जास्त. त्याला ते आधी सांगावं लागतं.”

“कुणाला सांगावं लागतं?”

“फिजिओवाल्यांना,” ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

ताईनं चांगला हात लांब करून मास्तरांच्या डोक्यावर ठेवला. शाळेत नापास झाल्यावर ठेवायची तसा.

घरी येऊन मास्तर थेट लिहायला बसले. पत्र बाराशे शब्दांचं झालं. त्यात मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास होता, परिस्थिती कशी बदलते याचं विवेचन होतं, आणि ‘त्या वेळच्या संदर्भात माझी भूमिका’ असं एक उपशीर्षक होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते छापून बायकोपुढे ठेवलं.

तिनं लाल पेन काढलं. पहिल्या पानावर एक तिरकी रेघ, दुसऱ्या पानावर एक. तिसऱ्या पानावर ती थांबली, चार वाक्यांभोवती चौकट केली, बाण काढून त्यांचा क्रम बदलला, आणि सवयीनं समासात ‘१० पैकी ३’ असं लिहिलं.

“वडलांची चौकशी तुम्ही सगळ्यात शेवटी केलीये,” ती म्हणाली. “ती वर घ्या.”

पत्र गेलं ते असं.

‘तुमचे वडील कसे आहेत? सात वर्षांपूर्वी मी तुम्हाला जे लिहिलं ते चूक होतं, आणि वाईट होतं. माझ्या बहिणीची वाचा गेली आहे, तिच्याकडे तोच फोन आहे. तुमच्या चौतीस ओळींसाठी परवानगी मागतो आहे.’

चार दिवस काही आलं नाही. या चार दिवसांत मास्तरांनी वर्गात एकच प्रकरण दोनदा शिकवलं, आणि मुलांनी ते निमूट ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं.

‘बरं.’

मास्तरांनी ते लिस्टवर टाकलं. नुसतं ‘बरं’ ही कायदेशीर संमती मानायची की पत्र मिळाल्याची पोच, यावर लिस्टवर सहा दिवस चर्चा चालली. एकानं तीन न्यायालयांचे दाखले दिले. सातव्या दिवशी दंतवैद्यानं कुणालाच न विचारता अर्धविरामाला नमुना पाठवला आणि सही दहा मिनिटांत आली. बोलपाटी दुकानात नेऊन ठेवायचं कामही त्यानंच अंगावर घेतलं, कारण मास्तर त्या दुकानाचा उंबरा ओलांडणार नव्हते. महिन्याभरात ते झालं. मास्तरांनी लिस्टवर निवेदन काढलं. ते दोनशे शब्दांत आटोपलेलं बघून दोघांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

पुढच्या रविवारी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून ताईकडे गेले. बायकोही बरोबर होती.

“दे बघू तुझा फोन,” ते म्हणाले.

ताईनं फोन मांडीखाली सरकवला.

“मामा, असू दे ना. मी घालते नंतर,” भाची घाईनं म्हणाली. “तू बस तरी आधी.”

“नंतर कशाला? एवढ्यासाठी आलोय मी.” मास्तरांनी हात पुढे केला. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी मागताना ते असाच हात पुढे करत.

ताईनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं मामीकडे. मामी खिडकीबाहेर बघत होती. मग ताईनं मांडीखालून फोन काढला आणि धाकट्या भावाच्या हातावर ठेवला.

मास्तरांनी दुकान उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते आत शिरले होते. आत काहीच झालं नाही. शोधायच्या जागी त्यांनी ‘पाटी’ असं लिहिलं. दोन नावं आली. खालचं नाव ‘बोलपाटी’, त्यापुढे बटण, ‘घ्या’. वरचं नाव ‘बाबांची पाटी’. त्यापुढे बटण होतं ‘उघडा’.

त्या दुकानात न घेतलेल्या वस्तूपुढे ‘घ्या’ असतं आणि घेतलेल्या वस्तूपुढे ‘उघडा’. एवढं कळायला अठ्ठेचाळीस पानं वाचावी लागत नाहीत.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला नाही, परत घातला. बनवणाऱ्याचं नाव होतं अर्धविराम. खाली लिहिलं होतं, ‘मोफत. वापरा. मूळ कोड माझ्याकडून घ्या, उघडून बघा, बदला, वाटा.’ पहिल्यांदा दुकानात आल्याची तारीख लिस्टवरच्या त्या जुन्या ‘बरं’नंतर पाच महिन्यांची होती. शेवटची सुधारणा मागच्या आठवड्यातली. सुधारणेची नोंद अशी : ‘बाबा हल्ली दुपारी लवकर दमतात. तिसरा आकडा बदलला.’

चाळीस हजार लोकांनी ती उतरवून घेतली होती.

बोलपाटीतलं त्यानं स्वतःच्या चौतीस ओळींखेरीज काही घेतलं नव्हतं. बाकी सगळं पहिल्यापासून त्यानं एकट्यानं लिहिलं होतं. एकट्यानं लिहिलं की अठरा जणांना विचारावं लागत नाही; आपल्या वस्तूला दुकानाची अट चालेल की नाही, हे आपलं आपण ठरवायचं. इतकं सोपं होतं ते. त्याला एकटं करण्याचं काम तेवढं मास्तरांनी केलं होतं.

त्यांनी ‘उघडा’वर बोट ठेवलं.

चौकोन आले. पाणी खाली डाव्या कोपऱ्यात होतं. पुढच्या पानावर ताईनं स्वतः तयार करून घेतलेले चौकोन होते. दूधवाल्याचा एक होता. शेवटच्या चौकोनात चष्म्याचं चित्र होतं, आणि शब्द वाचायच्या आत मास्तरांचं बोट त्याला लागलं.

“धाकटा आला. फोन लपवा,” फोन म्हणाला. स्वच्छ, ठसठशीत, बाईचा आवाज. एक्सचेंजमध्ये पूर्वी असायचा तसा.

बोलायला येत होतं ते तिघंही फोनकडेच बघत राहिले.

“कधीपासून?” मास्तरांनी अखेर विचारलं.

“हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या आठवड्यापासून,” भाची म्हणाली. “पहिल्या आठवड्यात तू तिच्या उशाशी बसून या फोनवर चाळीस मिनिटं बोललास, मामा. आईला तेव्हा ऐकण्याशिवाय काही करता येत नव्हतं. बोलता यायला लागल्यावर पहिलं तिनं हेच करून घेतलं. आणि मग तू परवानग्या गोळा करायला लागलास. इतक्या उत्साहात होतास. आई म्हणाली, करू दे त्याला.”

मास्तर बायकोकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“तुम्ही मोजणी करून आलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं.”

“कुणी सांगितलं?”

“ताईंनीच.”

“मग पत्र कशाला पाठवू दिलंस? गरजच नव्हती.”

“परवानगीची नव्हती,” बायको म्हणाली.

मास्तर खुर्चीच्या काठावर बसले. इस्त्रीचा सदरा पोटाशी चुरगळला. चौदा तळटीपांपैकी त्यांना एकही आठवत नव्हती.

ताईनं डावा हात पुढे करून त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. मांडीवर ठेवला, परत दुकानात गेली, आणि थरथरतं बोट मोठ्या नेमानं बोलपाटीच्या ‘घ्या’वर टेकवलं. पडद्यावरचं वर्तुळ हळूहळू भरत गेलं. ते पुरतं भरेपर्यंत ती बघत राहिली, आणि मास्तर तिच्याकडे. मग तिनं बाबांची पाटी उघडली, पहिल्या पानावर एक चौकोन शोधला.

“छान,” फोन म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. भाचीनं चहा टाकला. त्या दिवशी ताई दोन तास बोलली. दूधवाल्याचा वाद पहिल्यापासून सांगितला, आणि मास्तर मध्ये एकदाही बोलले नाहीत.

बोलपाटी त्या दुकानात अजून आहे. आजवर ती एका फोनवर उतरवली गेली आहे. दुकानाच्या नोंदीप्रमाणे तिथे ती अद्याप उघडलेली नाही.